कोच पाहण्याचा कार्यक्रम

एल्म फोर्क, ओक्लाहोमा

मंगळवार, २ डिसेंबर १९५८

आज हॉलबर्ट यांच्या ट्रकमधून आलं ते असं: बीफचा खांद्याकडचा तुकडा, पाच पौंड, २ डॉलर ८५ सेंट. बटाटे ४५ सेंट. लोणी दोन पौंड, १ डॉलर ४०. कॉफी ८९ सेंट. सोललेले पेकनचे दाणे एक पौंड, १ डॉलर १०. लांब पांढऱ्या मेणबत्त्या दोन, ३० सेंट (कशाला? आमच्याकडे वीज आहे). एकूण ६ डॉलर ९९. सगळं निवड समितीच्या खर्चाने, म्हणून आमच्या हिशेबात न घालता वेगळ्या पानावर मांडलं.

हा शिधा नव्या हेड कोचच्या जेवणाचा.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कॉलेजचा फुटबॉल संघ शेजारच्या टेबर कॉलेजकडून हरला. आमच्या संघाचं नाव ‘खेचरं’. या मोसमात खेचरं एकदाच जिंकली, तीही समोरच्यांची बस पुरात अडकली म्हणून. त्यामुळे शनिवारी हेड कोच टॉलिव्हरना नारळ मिळाला आणि रविवारी चर्च सुटायच्या आत त्यांच्या बायकोची, वेल्माची मोटार सामानासकट गावाबाहेर पडली होती. मला तिला नीट निरोपही देता आला नाही.

या धंद्याचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. नवा हेड कोच आपली माणसं बरोबर घेऊन येतो, जुन्यांनी सामान बांधायचं. माझा डेलबर्ट हा लाइन कोच, म्हणजे पुढच्या रांगेतल्या दांडग्या पोरांना समोरच्याला खांदा लावून मागे कसं रेटायचं ते शिकवणारा. घर कॉलेजचं. लग्नाला तेरा वर्षं झाली आणि हे आमचं सातवं घर. इथे चार वर्षं टिकलो. इतका लांब मुक्काम आजवर कुठे झाला नव्हता. आमच्या मुलीला, लोरीनला इथे पहिल्यांदाच जिवाभावाची मैत्रीण मिळाली आहे, आणि मला पूर्वेला खिडकी असलेलं स्वयंपाकघर.

अशात काल मिस्टर हॉलबर्ट आले. ट्रॅक्टरच्या दुकानाचे मालक, निवड समितीचे अध्यक्ष. टोपी न काढताच खुर्चीत बसले.

“मिसेस प्रुइट, काम गुप्त आहे. येणाऱ्या माणसाला हॉटेलात उतरवलं तर तासाभरात रेडिओवर येईल. माझ्या घरी नेलं तर माझ्या मेहुणीला कळेल, मग रेडिओचीही गरज नाही. पण तुमच्या घरी? ज्याची नोकरी जायची आहे त्याच्याच टेबलावर नवा कोच जेवतोय, हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही!”

“माझ्याही आलं नव्हतं,” मी म्हटलं.

“तेच तर! आणि तुमच्या हातचं बीफ चर्चच्या जेवणात मी तीनदा वाढून घेतलंय.”

मी डेलबर्टकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. नाडी आधीच बांधलेली होती.

वैऱ्यालाही जेवू घालावं अशी आपल्याला शिकवण आहे. हा येणारा तर वैरीही नाही, पोटासाठी नोकरी शोधणारा माणूस. मी हो म्हटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

पहिले पाहुणे येऊन गेले. कोच बक रेनी आणि मिसेस रेनी, टेक्सासचे. कोचना मान नाही, डोकं थेट खांद्यावर बसवलेलं. बाईंच्या कोटाला फरची कॉलर. कुणाला दिसू नये म्हणून हॉलबर्टनी त्यांची मोटार स्वतः उलटी चालवत आमच्या मागच्या अंगणात आणली आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब आडवा केला. समितीच्या पानावर लिहून ठेवलं.

कॉलेजचे अध्यक्ष डॉ. एम्ब्री हेही जेवायला होते. त्यांनी मेजावरची प्रार्थना एवढी लांबवली की रस्सा निवला. जेवणानंतर पुरुष बाहेरच्या खोलीत बसले आणि बाई माझ्याबरोबर भांडी पुसायला आत आल्या. कोचच्या बायकोलाही लोक पारखून घेतात, म्हणून बिचाऱ्या आल्यापासून हसतच होत्या. स्वयंपाकघराचं दार लागलं तसं त्यांनी हसणं थांबवलं.

“इथली माणसं कशी आहेत हो?” त्यांनी विचारलं.

“देवभीरू आहेत,” मी म्हटलं. “रविवार ते शुक्रवार.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी सामना असतो.”

मग त्यांनी हेड कोचच्या घराबद्दल विचारलं. घर प्रशस्त आहे, तसं मी सांगितलं. वाऱ्याचा पाऊस आला की मागच्या खोलीत भांडी मांडावी लागतात, पण भांडी वेल्मा ठेवून गेली आहे. सामना हरला की लोक अंगणात ‘घर विकणे आहे’ च्या पाट्या रोवून जातात. लाकूड मात्र चांगलं असतं, वेल्माने त्यांवर घेवड्याचे वेल चढवले होते. फोनचं म्हणाल तर तो रात्रभर वाजतो. वेल्मा तो ओव्हनमध्ये कोंडून ठेवायची. एकदा सकाळी बिस्किटं करताना विसरून ओव्हन पेटवला. त्या आठवड्यात फार शांत झोप लागली म्हणाली.

बाई ताटली पुसत होत्या. एकच ताटली बराच वेळ पुसत होत्या.

शेवटचा गोड पदार्थ, पेकन पाय, त्यांनी अर्धा टाकला. माझ्या मनाला लागलं. समितीचं लोणी वाचावं म्हणून मी पारीत निम्मी चरबी घातली होती. जिभेला कळलं असणार.

शनिवार, ६ डिसेंबर

रेनींची तार आली. कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाही.

मी डेलबर्टला म्हटलं, “चरबी घालायला नको होती.”

“पाय चांगला होता, ऑर्फा,” म्हणाला. मन राखायला बोलतो.

दुपारी ओटो क्लिंगरच्या मांसाच्या दुकानात गेले. मी मानेकडचा तुकडा मागितला, त्याने महागातला कमरेचा बांधून दिला आणि पैसे मानेचे घेतले. वर म्हणाला, “कोचना सांगा, अख्खा बाजार त्यांच्या पाठीशी आहे.” आम्ही जाणार हे गावाला कळलं म्हणायचं. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, “देव ठेवील तसं राहायचं, मिस्टर क्लिंगर. आज आहोत, उद्याचं कुणी सांगावं?”

“वा!” तो म्हणाला. “ही वृत्ती टॉलिव्हरांकडे असती तर!”

रविवार, ७ डिसेंबर

चर्चमध्ये सगळी माणसं फार मायेने वागली. चार वर्षं ज्यांनी मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नाही त्यांनी आज हात हातात घेतले. माणसाची किंमत तो निघाल्यावर कळते म्हणतात ते खोटं नाही. महिला मंडळाच्या मिसेस बीसननी पीचच्या मुरंब्याची बरणी दिली. मोठी.

“कसं सगळं निभावणार आहात, बाई!” त्या म्हणाल्या. “आमच्या मिस्टरांना तर झोप नाही. कुठली माणसं घ्यायची ते ठरलं का?”

मी म्हटलं, “अजून नाही. पण दोन दणकट मिळाले तरी पुरे. पाठ मजबूत पाहिजे आणि तोंडात शिवी नको. मागच्या वेळच्यांनी पियानो पाडला.”

मिसेस बीसनना पियानोचं नीटसं कळलं नसावं, पण त्यांनी ते मनात नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली.

घरी येऊन बाहेरच्या खोलीचे पडदे उतरवून धुतले. धुवायचे तर होतेच, आणि खोक्यात घालायचे तर स्वच्छ असलेले बरे.

मंगळवार, ९ डिसेंबर

कॅन्ससमधल्या एका हायस्कूलचं पत्र आलं. लाइन कोच पाहिजे, शिवाय भूगोल शिकवायचा. नव्या वर्षाच्या आत कळवायचं आहे. डेलबर्टने पत्र वाचून घडी करून खिशात ठेवलं, मग काढून पुन्हा वाचलं. मी म्हटलं, “भूगोल तुला येतो, सात ठिकाणी राहिला आहेस.” तो हसला नाही.

हल्ली संध्याकाळी तो टेबलाशी बसतो आणि मीठदाणी, मिरीदाणी, वाटाणे, जे हाताला लागेल ते मांडून इकडून तिकडे सरकवत राहतो. मीठ सांडतं. एकदा रागावले. “हेड कोच नाहीस तू, कशाला डोकं शिणवतोस?” म्हटलं. त्याने गुपचूप वाटाणे वाटीत भरले. मग मलाच वाईट वाटलं. पण मीठ खरंच फार सांडतं.

गुरुवार, ११ डिसेंबर

दुसरे पाहुणे. कोच लाइल डनम, कोवळा माणूस. बायको सातव्या महिन्यातली. या खेपेला पारीत शुद्ध लोणी घातलं, काटकसर नावालाही केली नाही.

डनमनी मेजावरच्या मीठदाणीकडे बोट करून डेलबर्टला विचारलं, टेबरच्या दांडग्यांना तुम्ही कसं अडवलं असतं? डेलबर्टने मीठदाणी सरकवली, मिरीदाणी तिच्या मागून वळवली, आणि लोण्याची बशी मोकळ्या जागेतून थेट हॉलबर्टच्या पुढ्यात नेली. डनम ताटावर वाकून बघत राहिले. मग खिशातून पेन्सिल काढून शर्टाच्या बाहीवर काहीतरी काढून घेतलं.

“टॉलिव्हर हे का करत नव्हते?” त्यांनी विचारलं.

“त्यांची पद्धत वेगळी होती,” डेलबर्ट म्हणाला.

“लोणी इकडेच आहे तर जरा वाढतो,” हॉलबर्ट म्हणाले.

आत मिसेस डनमनी डॉक्टरची चौकशी केली. साहजिकच आहे, अशा दिवसांत. मी म्हटलं, काळजी करू नका, डॉक्टर हुशार आहेत आणि हाकेला धावून येतात. फक्त ते संघाचे फार मोठे भक्त आहेत. वेल्माच्या मुलीला गोवर आला तेव्हा ताप बघायच्या आधी त्यांनी विचारलं, शेवटच्या घटकेला चेंडू लांब का फेकला, हातात धरून पळायचं नाही का? वेल्मा म्हणाली, मला काय ठाऊक, पोरीला फणफणून ताप आहे. मग त्यांनी ताप बघितला. औषध मात्र अगदी अचूक दिलं.

त्या बाईंनी पोटावर हात ठेवला आणि मला वाटतं, त्यांना जरा गरगरलं. मी पाणी दिलं. बीफ कोरडं झालं होतं, त्याचाच परिणाम. डॉ. एम्ब्रींची प्रार्थना आज तर आणखी लांबली होती.

सोमवार, १५ डिसेंबर

डनमही नाही म्हणाले.

दोन माणसं माझ्या टेबलावरून उठून गेली ती परत आली नाहीत. मी डेलबर्टला म्हटलं, हॉलबर्टना सांग की दुसरं घर बघा, माझ्या हाताची चव गेली आहे. “चवीत काही खोट नाही,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतो की काय. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होता. माझ्या स्वयंपाकावर हसायची ही वेळ आहे का? दिवसभर बोलले नाही.

प्रार्थनेला बसल्यावर देवाजवळ एकच मागितलं, की पुढच्या खेपेला बीफ मऊ होऊ दे. हे पुरतं खरं नाही. आणखी एक मागितलं, ते इथे लिहीत नाही. त्याला कळलं आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

न्हाव्याने डेलबर्टकडून पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, “ते टेक्सासवाले गेले ते बरं झालं ना कोच? मान नसलेला माणूस तुमच्या हाताखाली काय कामाचा!” डेलबर्ट घरी येऊन मला म्हणाला, “ऑर्फा, गावात काहीतरी चाललंय.” मी म्हटलं, गाव आपल्याला निरोप देतंय, जरा कृतज्ञ राहा.

बुधवार, १७ डिसेंबर

तिसरे पाहुणे, कोच हॉलिस वेब. हॉलबर्ट सकाळीच सामान घेऊन आले ते हात चोळत.

“या खेपेला जमलंच म्हणून समजा! याला बायकोच नाही!”

एक ताट कमी लागेल याचा एवढा आनंद त्यांना का व्हावा मला समजलं नाही. सामान तेवढंच आणलं होतं.

वेब उंच, रुबाबदार, स्वतःबद्दल बरंच बोलणारे. तीन मोसमांत दोन करंडक जिंकल्याचं सूपबरोबर सांगितलं आणि बीफबरोबर पुन्हा सांगितलं. बीफ मऊ झालं होतं, देवाची कृपा. मी वाढत असताना त्यांनी मलाच विचारलं, “तुम्हीच सांगा बाई, या गावाला नक्की काय पाहिजे?”

हॉलबर्ट घाईघाईने म्हणाले, “मिसेस प्रुइटना आत काम असेल.”

“काही नाही,” मी म्हटलं. “गावाला टेबरला हरवायचं आहे. बाकी सगळे सामने हरलात तरी चालेल. मागे एका कोचनी हरवलं होतं, त्यांचं नाव रस्त्याला दिलं. पुढच्या वर्षी ते टेबरकडून हरले, तेव्हा गावाने रस्ता तोच ठेवला आणि त्याच्या टोकाला कचरा टाकायची जागा केली.”

वेब खो खो हसले. “झकास गाव आहे! मला असलीच माणसं आवडतात. घेतली नोकरी!”

हॉलबर्टनी टेबलावर थाप मारली. डॉ. एम्ब्रींनी डोळे मिटले. डेलबर्ट उठला, वेबच्या हातात हात दिला आणि अभिनंदन म्हणाला. अगदी मनापासून, नीट. मग त्याने मेजावरची मीठदाणी आणि मिरीदाणी उचलून कपाटात ठेवली. जेवण अजून संपलं नव्हतं.

करार उद्या सकाळी कॉलेजात.

लोरीनला झोपवताना सांगितलं. ती म्हणाली, “कॅन्ससला तरी पूर्वेला खिडकी असेल ना तुला?” दहा वर्षांची पोर माझी समजूत काढते.

खोकी अंगणातून आत आणली.

गुरुवार, १८ डिसेंबर

हे कसं लिहावं समजत नाही. कळलं त्या क्रमाने लिहिते.

आज सकाळी कॉलेजात जायच्या आधी वेब मोटारीत पेट्रोल भरायला थांबले. पंपावरचा माणूस म्हणाला, “तुम्हीच का प्रुइटांकडे काल जेवायला होता? नशीबवान आहात. डेलबर्टच्या हाताखाली माणूस तयार होतो.” वेबना तो वेडा वाटला. मग ते कॉफी प्यायला गेले. तिथे वाढणाऱ्या बाईने कॉफीबरोबर एक डोनट फुकट दिला आणि म्हणाली, “नवे साहाय्यक ना? घाबरू नका, प्रुइट चांगले आहेत. पण शिवी दिलेली चालत नाही आणि पाठ मजबूत लागते, त्यांच्या मिसेसनी चर्चमध्ये स्पष्ट सांगितलंय.” शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने त्यांची पाठ चाचपून पाहिली.

दोन करंडक जिंकलेला माणूस. डोनट तसाच टाकून हॉलबर्टच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, “एकच नोकरी तुम्ही दोघांना दिलीत! वर मला त्याच्या हाताखाली!” हॉलबर्ट म्हणाले, अहो गैरसमज आहे. पण तेवढ्यात ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायला आलेला शेतकरी म्हणाला, “गैरसमज कसला? डेलबर्ट नोव्हेंबरपासूनच कोच आहे. दर आठवड्याला एकेक साहाय्यक घरी बोलावून जेवायला घालून पारखतोय, सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हालाच नाही सांगितलं?”

वेब दुपारच्या आत जिल्ह्याबाहेर गेले.

हे सगळं मला डेलबर्टने सांगितलं. म्हणजे कमरेचा तुकडा, मुरंबा, ते हातात हात घेणं, सगळं निरोपाचं नव्हतं! आणि मी प्रत्येकाला डोळ्यांत पाणी आणून ‘आज आहोत, उद्याचं कुणी सांगावं’ म्हणत फिरले!

“मुरंबा परत करावा लागेल,” मी म्हटलं.

“उघडला आहेस,” डेलबर्ट म्हणाला.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी हॉलबर्ट आणि डॉ. एम्ब्री दोघं आले. हॉलबर्टनी टोपी काढली. त्यांना टक्कल आहे हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं.

“डेलबर्ट,” ते म्हणाले, “अडचण झाली आहे. गावाला वाटतंय तू आधीच कोच आहेस. पुढच्या मोसमाची तिकिटं लोक आत्तापासून मागतायत, नाताळात भेट द्यायला. गेल्या वर्षी या दिवसांत मी तिकिटं फुकट वाटत होतो, कुणी घेत नव्हतं. आता मी ‘नाही’ म्हटलं तर मला चौकात उभं राहून सांगावं लागेल की तीन माणसांनी खेचरांना नको म्हटलं.”

“यात प्रभूची योजना दिसते,” डॉ. एम्ब्री म्हणाले.

“प्रभूची कसली, क्लिंगर खाटकाची दिसते,” हॉलबर्ट म्हणाले. “समितीचं बीफ तुझ्या घरी जातंय हे पाहून त्यानेच गावभर केलं असणार. तर मग डेलबर्ट, घे बाबा आता. आम्हाला तू सुचायलाच पाहिजे होतास. पण तू इथेच होतास ना, मग सुचणार कसा?”

डेलबर्ट म्हणाला, “बायकोला विचारून सांगतो.”

“तिला काय विचारायचं?”

“इथलं कसं आहे ते. येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलंय. मलाच तेवढं सांगितलेलं नाही.”

तो स्वयंपाकघरात आला आणि दार लावून घेतलं. मला कळेना हा काय बोलतो आहे. मग त्याने सांगितलं. दार पातळ आहे, दोन्ही वेळा त्याने सगळं ऐकलं होतं. छप्पर, पाट्या, ओव्हनमधला फोन, डॉक्टर, गोवर.

“पाय चांगलाच होता, ऑर्फा. मी पहिल्यापासून सांगतोय.”

मी पिठाच्या डब्यावर बसले. “पण मी एक शब्द खोटा बोलले नाही!”

“एकही नाही. म्हणून तर पळाल्या.”

“मुद्दाम नाही केलं मी.”

“मी कुठे म्हटलं?”

नंतर विचार केला. मुद्दाम नाही केलं हे खरं. पण रेनीबाईंनी पाय अर्धा टाकला तेव्हा वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं होतं. हे देवाला सांगायला हवं. त्याला आधीच माहीत आहे, तरी सांगायला हवं.

डेलबर्ट म्हणाला, “मला ही नोकरी हवी आहे.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मोठ्याने म्हणाला नाही. केटलीचा आवाज त्याहून जास्त होता.

“कधीपासून?”

“पहिल्या घरापासून.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“विचारलं नाही कुणी.”

मीही नाही विचारलं. मी मीठ सांडतं म्हणाले.

मग मी त्याला सगळं सांगितलं, त्या बायकांना सांगितलं होतं तसंच, त्याहूनही जास्त. काही हातचं राखलं नाही. लोरीनला शाळेत काय ऐकावं लागेल ते सांगितलं. टॉलिव्हर शेवटच्या महिन्यात जेवताना चमचा हातात धरून नुसते बसून राहायचे, आणि वेल्मा त्यांच्या हाताला हात लावून चमचा तोंडाकडे न्यायची, ते सांगितलं. आणि दोन वर्षांत आपल्यालाही जावं लागेल, त्या वेळी कुणी कमरेचा तुकडा देणार नाही, तेही सांगितलं. तो समोर उभा राहून ऐकत होता, टोपी हातात घेऊन, नोकरीला आलेल्या माणसासारखा.

“आणि?” तो म्हणाला.

“आणि काय? जा आणि हो म्हण. दोघं केव्हाचे ताटकळले आहेत.”

तो गेला नाही. “तुला चालेल?”

मी म्हटलं, “मला नाही चालणार. पण तेरा वर्षं मी जिथे गेले तिथे तुझ्या नोकरीपायी गेले, आणि नोकरी दर वेळी दुसऱ्याची निघाली. एकदा आपली होऊ दे. मग हरलास तरी आपलं आपण हरू.”

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पिठाच्या हातांनी मी तो काढायच्या आत. मग बाहेर गेला. हॉलबर्ट काहीतरी ओरडले, आणि डॉ. एम्ब्रींनी लगेच तिथेच प्रार्थना सुरू केली. दार उघडून मीही मान लववली. कॉफी निवली.

सोमवार, २२ डिसेंबर

वेल्माला पत्र लिहिलं. तिच्या आईच्या पत्त्यावर. पुढे काय कबूल केलं होतं ते आठवावं म्हणून इथे उतरवून ठेवते.

“प्रिय वेल्मा,

नाताळच्या शुभेच्छा. तुला बातमी कळली असेलच, एल्म फोर्कहून बातमी आपल्या पायांनी चालत जाते. नव्या वर्षात आम्ही तुझ्या घरात राहायला जाऊ. हे तुला कसं लिहावं हेच दोन दिवस सुचत नव्हतं. तुझ्या जागी उभं राहायची हौस मला कधीच नव्हती, पण डेलबर्टला आहे, आणि मला ते आत्ता कळलं. तुला राग आला असेल तर तो येऊ दे, मी वाट पाहीन. कोच टॉलिव्हर आता जेवतात का? त्यांना सांग, डेलबर्ट त्यांच्याबद्दल वावगं बोललेला नाही आणि घरात कुणाला बोलू देत नाही.

तुझी भांडी जागच्या जागी आहेत. तुला हवी असतील तर पाठवते, नाहीतर मला लागतीलच.

एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. शनिवारी हरल्यावर रविवारी चर्चमध्ये तू पोरांना घेऊन पुढे बसायचीस की मागे? पुढे बसलं तर सगळ्यांचे डोळे पाठीत टोचणार. मागे बसलं तर सगळे वळून बघणार. मी चार वर्षं त्याच चर्चमध्ये बसले, पण आता आठवू बघते तर तू कुठे बसायचीस ते आठवतच नाही, कारण त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत नव्हते. बघायला हवं होतं.

पहिला सामना सप्टेंबरात आहे, म्हणजे अवकाश आहे. पण मला आत्तापासून झोप नाही. उत्तरासाठी चार सेंटचं तिकीट सोबत जोडलं आहे. पुढे की मागे, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
ऑर्फा प्रुइट”